वजाबाकीची नृत्यरचना : चित्तप्रसाद यांच्या दुष्काळचित्रांवरून मुंबईत उभ्या राहिलेल्या एका प्रयोगाचा अभ्यास

मुंबईतील सहा नर्तकांच्या एका छोट्या गटाने चित्रकार चित्तप्रसाद यांच्या १९४३ च्या बंगाल दुष्काळावरील रेखाटनांवरून सुमारे अर्ध्या तासाची नृत्यरचना उभी केली, तेव्हा त्या तालमींची लेखी नोंद ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. गटातील तिघी भरतनाट्यम शिकलेल्या होत्या, एक जण कथकचा होता आणि उरलेले दोघे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतील लोकनृत्यातून समकालीन नृत्याकडे आलेले होते. नृत्यदिग्दर्शिका स्वतः नाचणार नव्हत्या. ज्या चित्रात उघड राजकीय आरोप आहे, त्यातून हालचाल काढायची असेल तर नर्तकाने चित्रातले नेमके काय उचलावे, हा या प्रकरणाचा गाभा आहे. चित्रातील माणसाची मुद्रा उचलण्याऐवजी त्या माणसावर जे केले गेले ती क्रिया उचलावी, या निष्कर्षाला हा गट शेवटी आला. मला तो पूर्णपणे पटतो. तिथपर्यंत जाताना गटाने काय काय टाकून दिले, हे मात्र निष्कर्षाइतकेच महत्त्वाचे असल्यामुळे त्याची सविस्तर मांडणी येथे केली आहे.

चित्रे आणि मुंबई

चित्तप्रसाद (१९१५–१९७८) जन्माने बंगालचे. भट्टाचार्य हे आडनाव जातीची खूण सांगते म्हणून त्यांनी ते वापरणे सोडले होते. नोव्हेंबर १९४३ मध्ये ते मिदनापूर जिल्ह्यात फिरले आणि जे दिसले ते काळ्या शाईत उतरवत गेले. त्यांतील अनेक रेखाटनांसोबत त्या माणसाचे नाव, गाव आणि व्यवसाय यांची नोंद आहे. या दौऱ्यावरून तयार झालेल्या ‘हंग्री बेंगाल’ या पुस्तिकेच्या सुमारे ५,००० प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळल्या. कुटुंबाने जपून ठेवलेल्या एका प्रतीमुळे ती आज आपल्याला पाहता येते.

या चित्रांचे मुंबईशी असलेले नाते गटातील बहुतेकांना आधी ठाऊक नव्हते. कम्युनिस्ट पक्षाचे मुख्यालय तेव्हा मुंबईत होते आणि पक्षाच्या येथून निघणाऱ्या साप्ताहिकात चित्तप्रसाद यांची चित्रे छापली जात. पुढे ते मुंबईतच स्थिरावले आणि आयुष्याचा मोठा काळ त्यांनी अंधेरीत अत्यंत साधेपणाने काढला. २५ मे १९४३ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या ‘इप्टा’चे (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन या डाव्या नाट्यसंघटनेचे) नगारा वाजवणाऱ्या माणसाचे बोधचिन्ह त्यांनीच रेखाटले आहे. त्याच ‘इप्टा’चे मध्यवर्ती पथक अंधेरीत राहून तालमी करीत असे, नर्तक उदयशंकर यांच्या अल्मोड्याच्या नृत्यकेंद्रातून आलेले शांती बर्धन तेथे नृत्यरचना करीत आणि तरुण रविशंकर संगीत देत. म्हणजे दुष्काळाचे चित्र आणि दुष्काळाचे नृत्य ही दोन्ही या शहरात एकाच चळवळीच्या छत्राखाली वाढली होती, आणि आपण काहीतरी अगदी नवे करीत आहोत हा गटाचा समज पहिल्याच आठवड्यात गळून पडला. माझ्या मते ते फार बरे झाले.

पहिली दिशा : मुद्रांची साखळी

सुरुवातीला नृत्यदिग्दर्शिकांनी चित्रांच्या छापील प्रती भिंतीवर लावल्या आणि प्रत्येक नर्तकाला एकेक आकृती निवडून तिची ठेवण शरीरात उतरवायला सांगितले. उकिडवे बसलेले, आडवे पडलेले, काठीच्या आधाराने उभे असलेले असे देह निवडले गेले आणि एका ठेवणीतून दुसरीत संथपणे जात एक साखळी तयार झाली. नृत्यशाळांत चित्रावरून रचना करताना ही पद्धत सर्रास वापरली जाते आणि तिचा एक उपयोगही आहे : नर्तक चित्राकडे नीट पाहू लागतो. मनगट कुठे वळले आहे, मान कोणत्या खांद्याकडे झुकली आहे, हे तो शोधतो.

पण ही साखळी पाहताना खोलीतील सर्वांनाच अस्वस्थ वाटू लागले. नर्तकांची शरीरे कसलेली होती, पाठीचे कणे सरळ होते, आणि भरतनाट्यमच्या सवयीने प्रत्येक ठेवण नकळत रेखीव होत होती. चेहऱ्यावर करुण रस आपोआप उमटत होता, कारण वर्षानुवर्षांच्या शिक्षणाने तो तिथे बसवला होता. कौशल्यात काहीही कमी नव्हते. तरीही चित्रातला आरोप नाहीसा होऊन दुःखाचे एक देखणे दृश्य तेवढे उरले होते. १९४३ चा दुष्काळ पीक बुडाल्यामुळे आपोआप पडला नव्हता. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. जपानी सैन्याच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने किनारपट्टीवरच्या जिल्ह्यांतून तांदूळ उचलला आणि दहापेक्षा अधिक माणसे वाहून नेणाऱ्या होड्या ताब्यात घेतल्या किंवा नष्ट केल्या. १६ ऑक्टोबर १९४२ च्या चक्रीवादळाने मिदनापूर उद्ध्वस्त केले. युद्धखर्चाने भाव चढले, साठेबाजांनी ते आणखी चढवले. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा १५ लाख धरला, नंतरच्या अनेक अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या आसपास नेला. यातले काहीही त्या साखळीत नव्हते. तिथे भूक होती, पण ती पावसासारखी आकाशातून पडलेली वाटत होती.

गटातील सर्वांत तरुण नर्तिकेने या टप्प्यावर एक आक्षेप घेतला आणि तो निर्णायक ठरला. चित्रकाराने ज्याचे नाव विचारून लिहून ठेवले, त्याला आपण पुन्हा ‘एक भुकेला माणूस’ करून टाकत आहोत, असे तिचे म्हणणे होते. यावर दुसऱ्या बाजूने ‘इप्टा’चाच दाखला पुढे आला : १९४४ मध्ये बिनय रॉय यांचे बंगाली पथक भूक आणि महामारी यांवरची गाणी, नाटुकली आणि नृत्ये घेऊन फिरले, तेव्हा त्यांनीही भुकेलेला माणूस थेट दाखवलाच होता. हा दाखला खरा आहे, पण त्या प्रयोगांचे काम वेगळे होते. ते मदतनिधीसाठी होत. नर्तकाने पसरलेल्या हातात प्रेक्षक खरोखर पैसे आणि दागिने टाकत आणि ती हालचाल प्रेक्षकाच्या कृतीने पुरी होई. आज तोच हात पसरला तर प्रेक्षकाला करण्यासारखे काहीच उरत नाही. तो हळहळतो आणि घरी जातो. त्यामुळे जुन्या प्रयोगांतील मुद्रा प्रामाणिक असूनही आजच्या रंगमंचावर तिचा अर्थ बदलतो, हे गटाने मान्य केले आणि साखळी पूर्णपणे बाजूला ठेवली.

या ठिकाणी जर्मन नृत्यदिग्दर्शक कुर्ट योस यांच्या ‘द ग्रीन टेबल’चा उल्लेख आवश्यक आहे, कारण नृत्यदिग्दर्शिकांनी पुढची वाट त्यावरून शोधली. १९३२ मध्ये पॅरिसच्या स्पर्धेत पहिले आलेले हे युद्धविरोधी नृत्य ल्युबेक येथील मध्ययुगीन मृत्युनृत्याच्या चित्रमालेवरून सुचलेले होते. योस यांनी त्या चित्रांतून घेतली ती रचना : मृत्यू प्रत्येक थरातील माणसाला एकेक करून गाठतो आणि आपल्याबरोबर नेतो. त्याच्या आधी आणि नंतर त्यांनी मुखवटे घातलेल्या मुत्सद्द्यांचे हिरवे टेबल ठेवले, म्हणजे माणसे कोणाच्या निर्णयामुळे मरतात हे प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर राहिले.

वजनाचा अभ्यास आणि कापून काढणे

दुसऱ्या फेरीत चित्रे भिंतीवरून उतरवून जमिनीवर ठेवली गेली आणि प्रश्न बदलला. या माणसाचे वजन कशावर आहे, तो इथपर्यंत कसा आला असेल, आणि इथून उठायचे झाले तर त्याला कशाचा आधार लागेल, एवढेच पाहायचे ठरले. भावना हा शब्द काही काळ वर्ज्य होता. नर्तकांनी जमिनीवरून उठण्याची अगदी साधी क्रिया घेतली आणि तिच्यावर अटी घातल्या : आधी दोन्ही हात वापरायचे, मग एकच, मग हात अजिबात नाही, मग एका पायावर भार न देता. अटी वाढत गेल्या तशी क्रिया लांबली आणि नर्तक एकमेकांचे खांदे, कोपरे, पाठी शोधू लागले. दुःख दाखवण्याचा कोणी प्रयत्नही करत नव्हते, तरी पाहणाऱ्याच्या पोटात कालवाकालव होत होती, कारण समोरची धडपड खरी होती.

याच सुमारास चित्तप्रसाद यांच्या लिनोकटकडे, म्हणजे लिनोलियमवर कोरून कागदावर छापलेल्या चित्रांकडे, गट वळला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी राबणाऱ्या, रस्त्यावर वाढणाऱ्या मुलांवर लिनोकटची एक मालिका केली होती. लिनोकटमध्ये चित्रकार पृष्ठभागावर काही चढवत नाही, तो कापून काढतो. कापलेला भाग कागदावर पांढरा राहतो आणि शिल्लक राहिलेला काळा उमटतो. भरगच्च हालचाल आधी रचायची आणि मग ती कापत जायची, ही कल्पना नृत्यदिग्दर्शिकांना या प्रक्रियेतून मिळाली, आणि दुष्काळाच्या कारणांशी ती अचूक जुळली, कारण तिथेही लोकांकडून तांदूळ, होडी, मजुरी आणि शेवटी घर एकेक करून काढून घेतले गेले होते.

भरगच्च हालचालीसाठी लेझीम निवडली गेली. बंगालच्या शरीराची नक्कल मुंबईच्या नर्तकांनी करू नये, आपल्या अंगवळणी पडलेल्या गोष्टीतूनच तोटा दाखवावा, हा त्यामागचा विचार होता. महाराष्ट्रातील शाळेच्या मैदानावर लेझीम न केलेला माणूस सापडणे कठीण, आणि गणपतीच्या दिवसांत लालबाग-परळच्या रस्त्यांवर ती आजही दिसते. ‘चार आवाज’, ‘आदी लगाव’, ‘पवित्रा’ या लेझमीच्या प्रकारांतून ३२ मात्रांचा एक भरीव तुकडा बांधला गेला. त्यात वाकणे, उठणे, उडी, झेप आणि गिरकी सारे होते. हलगीच्या साथीवर सहा जण तो एका रेषेत करू लागले की खोली दणाणून जाई. रचनेची पहिली सहा-सात मिनिटे हा तुकडा पूर्ण ताकदीने होतो आणि त्यात कसलेही सूचन नाही. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो, कारण काय गेले हे कळण्यासाठी काय होते ते आधी मनसोक्त पाहायला मिळाले पाहिजे.

त्यानंतर कापणे सुरू होते. प्रथम लेझमीच्या चकत्यांना कापड बांधले जाते आणि आवाज जातो. मग उडी जाते, पण उडीच्या मात्रा तशाच राहतात आणि त्या जागी नर्तक नुसते थांबून राहतात. मग टाच उचलणे जाते, मग उभे राहणे. शेवटी रेषेतला शेजारी जातो आणि ज्याच्या खांद्याचा अंदाज घेऊन गिरकी घेतली जाई तो खांदाच तिथे नसतो. हलगीची लय मात्र कमी होत नाही. यावर तालमीत बराच वाद झाला. साथीदाराला लय उतरवावीशी वाटत होती, आणि कथकच्या नर्तकालाही विलंबित लयीत हा भाग अधिक भावपूर्ण होईल असे वाटत होते. नृत्यदिग्दर्शिका ठाम राहिल्या. ताकद गेली म्हणून बाजारभाव, सारा किंवा कामाचा तास कोणी कमी करत नाही, तेव्हा मात्राही तेवढ्याच राहिल्या पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. या एका आग्रहामुळे रचनेला तिची धार आली. जमिनीवर बसून, एका हाताने, ३२ मात्रांचा पूर्वीचाच तुकडा त्याच वेगात गाठू पाहणारा नर्तक हे या प्रयोगातील सर्वांत प्रखर दृश्य आहे, आणि त्याच्यासारखे चित्र चित्तप्रसाद यांच्या कागदांवर कुठेही नाही.

या पद्धतीची शारीरिक किंमतही नोंदवली पाहिजे. मुंबईतील परवडणारी तालीमघरे बहुधा काँक्रीटवर बसवलेल्या लादीची असतात, तिच्यात लाकडी जमिनीचा लवचिकपणा नसतो, आणि गुडघ्यांवरचे काम वाढल्यावर दोघींचे गुडघे सुजले. त्यानंतर तालमीत जाड चटया आल्या, गुडघ्यांना पट्टे आले आणि बैठा भाग सलग न करता तुकड्यांत करण्याचा नियम झाला. धडपड खरी असावी याचा अर्थ इजा खरी असावी असा होत नाही, हे ठरवून पाळावे लागते.

काढून घेणारा हात

आता सर्वांत अवघड प्रश्न उरला होता. हालचाल कापली जात आहे हे दिसत होते, पण ती कापते कोण? चित्तप्रसाद यांची दुष्काळातली रेखाटने बहुतांशी बळी पडलेल्यांची आहेत. जबाबदार कोण हे सोबतच्या मजकुरातून आणि त्यांच्या भित्तिपत्रकांतून स्पष्ट होते. नृत्याला मजकुराची ही सोय नव्हती.

पहिला पर्याय प्रकाशयोजनेचा होता : दिव्याचे वर्तुळ लहान होत जावे आणि नर्तक त्यात अडकत जावेत. तो देखणा होता, पण दिवा म्हणजे पुन्हा नियतीच झाली असती. दुसऱ्या पर्यायात नर्तकांनीच एकमेकांच्या हातातील लेझीम ओढून घ्यायची होती. नाट्यमयता त्यात भरपूर होती आणि गटाला तो काही काळ आवडलाही. मी त्या वेळी लेखी टिपण दिले होते की हा पर्याय इतिहासाच्या विरुद्ध जातो, कारण त्यातून भुकेल्यांनीच एकमेकांना उपाशी ठेवले असा अर्थ निघतो. आजही माझे तेच मत आहे. राजकीय चित्रावरून केलेल्या रचनेत एवढी चूक सुंदर दिसली तरी अक्षम्य ठरते. तिसरा पर्याय भित्तिपत्रकासारखा होता, जाड पोटाचा साठेबाज आणि टोपीवाला साहेब. तो स्पष्ट होता, पण असा खलनायक पाहून प्रेक्षकाला सुटल्यासारखे वाटते. असे लोक आता नाहीत, असे त्याला म्हणता येते.

शेवटी सहा जणांतली एक नर्तिका रेषेतून बाहेर काढली गेली. तिच्या हातात खडू आणि लांबट सरकारी वही आहे. ती व्यवस्थित चालते, थांबते, वहीत नोंद करते, जमिनीवर एक रेघ ओढते, आणि रेघेपलीकडची जागा नर्तकांसाठी संपते. तिच्या चेहऱ्यावर द्वेष नाही, घाई नाही. तिचे चालणेही त्याच ३२ मात्रांत बसवलेले आहे आणि ते एकदाही कापले जात नाही. होड्यांची मोजदाद करून, याद्या करून, आदेश काढून जे घडवले गेले, त्याचे हे रूप आहे. तिची भूमिका करणारी नर्तिका भरतनाट्यमची असल्यामुळे पावलांतली शिस्त तिला मुद्दाम आणावी लागली नाही, आणि पहिल्या फेरीत जी रेखीवता खोटी वाटत होती तीच येथे नेमकी लागू पडली.

शेवटाचा वाद

दुष्काळचित्रांत उठाव नाही, आणि तो नृत्यात घालावा की नाही यावर मतभेद होते. मूठ उंचावण्याचा शेवट एका तालमीत करून पाहिला आणि तो लगेच रद्द झाला, कारण आधीच्या वीस मिनिटांतून तो निघत नव्हता. मग नृत्यदिग्दर्शिकांनी चित्तप्रसाद यांच्याच पुढच्या कामाकडे, म्हणजे नाविक उठावावरील चित्रांकडे, पाहिले. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदल केंद्रातील भारतीय नाविकांनी निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप पुकारला, आणि त्याची सुरुवात जेवण नाकारण्याने झाली. २२ तारखेला मुंबईचे गिरणी कामगार त्यांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर आले. परळ-लालबागसह शहरभर झालेल्या गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे गेली.

यातून शेवटासाठी एक हालचाल मिळाली. खडूच्या शेवटच्या चौकटीत उरलेले पाच जण स्वतःहून लेझीम खाली ठेवतात. आतापर्यंत प्रत्येक गोष्ट त्यांच्याकडून काढून घेतली गेली होती, ही मात्र ते स्वतः सोडतात, आणि पहिल्यांदाच खडूवालीची मात्रा चुकते. हलगी दोन आवर्तने एकटीच वाजते आणि थांबते. शरीराने केलेली क्रिया दोन्हीकडे सारखीच आहे, हातातली वस्तू जाते; ती कोणाच्या इच्छेने जाते यावर तिचा अर्थ ठरतो. उपासमार आणि अन्नत्याग यांतला फरक एकाही शब्दाविना पोहोचवणे हे या रचनेचे सर्वांत मोठे यश आहे, असे मी मानतो.

परवानगी, प्रयोग आणि उरलेले प्रश्न

चित्रे पडद्यावर दाखवायची नाहीत हे लवकर ठरले होते. भारतीय कायद्यानुसार चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे या चित्रांबाबत २०३८ अखेरपर्यंत, त्यामुळे प्रक्षेपणासाठी परवानगी घ्यावी लागली असती. खरे कारण मात्र कलात्मक होते : चित्र मागे दिसत असते तर प्रेक्षक नर्तकांना त्याच्याशी ताडून पाहत बसला असता.

पहिला जाहीर प्रयोग परळमधील एका छोट्या सभागृहात झाला. जमिनीवरची रेघ मागच्या रांगांना दिसत नव्हती, म्हणून पुढच्या प्रयोगांत प्रेक्षकांना तिन्ही बाजूंनी बसवले गेले. चर्चेत काही ज्येष्ठ प्रेक्षकांनी खडूवालीला बंगालशी जोडलेच नाही. त्यांना १९८२ च्या संपानंतरच्या गिरण्यांचे दरवाजे आणि चाळींच्या जागेवर आलेले मोजणीदार आठवले. गटातील एकाला यामुळे मूळ विषय हरवल्याची चिंता वाटली. मला तसे वाटत नाही. रचना बंगालचे नाव सोडत नाही, प्रयोगाआधी दिल्या जाणाऱ्या पत्रकात दुष्काळाची कारणे आणि चित्रकाराची ओळख स्पष्टपणे छापलेली असते. त्यापुढे प्रेक्षकाने आपल्या गल्लीतली रेघ ओळखली असेल तर त्याने चित्तप्रसाद यांच्या आरोपाची दिशा नीट पकडली आहे.

रेखाटनांसोबत नोंदलेल्या नावांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ती नावे रंगमंचावर मोठ्याने उच्चारावीत, असे सर्वांत तरुण नर्तिकेचे आजही म्हणणे आहे. त्या माणसांनी आपली नावे एका चित्रकाराला सांगितली होती, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांना नव्हे, असे नृत्यदिग्दर्शिकांना वाटते. तूर्तास नावे पत्रकात छापली जातात आणि प्रयोगात उच्चारली जात नाहीत. पुढच्या फेरीत सुरुवातीच्या लेझीमआधी ती शांतपणे वाचून पाहायची आणि मग ठरवायचे, असे गटाने मान्य केले आहे. माझे मत वाचनाच्या बाजूने आहे, कारण चित्रकाराने ती लिहून घेतली तेव्हा ती छापली जाणार होती आणि छापलेली पुस्तिका सरकारने जाळली होती.